रक्त द्यायला नागपूरला

मी नागपूरला गेले ती दादाला माझं रक्त द्यायला. एरवी मी गेलेच नसते. सगळी नोकरी चिपळूणच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. विदर्भाची काळी माती, वैनगंगा, संत्र्यांचे पट्टे हे सगळं मी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवलं, पण सख्खा भाऊ तिथे राहत असून मी कधी तिकडे फिरकले नव्हते. दरवर्षी गणपतीत तोच यायचा, येताना संत्र्याची बर्फी आणायचा आणि "नंदू, एकदा ये गं" म्हणून जायचा.

मार्चच्या मध्यावर फोन आला तो दादाचा नव्हता, वहिनींचा होता. वहिनी मूळच्या नागपूरच्या, माझ्याशी बेताने बोलणाऱ्या. त्या दिवशी मात्र त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"ताई, मयूरीनं मोबाईलवर वाचलं. तुमच्या अंगात जे आहे ना, तेच यायले, तुमच्या दादाले, पायजे म्हणते. तुमी येता का?"

माझ्या अंगात जे आहे ते म्हणजे कोड. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कोपराजवळ पहिला पांढरा ठिपका आला; आता हात, मान, ओठांभोवती, सगळीकडे पांढरे डाग आहेत. माझं लग्न जमलं नाही, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

दादाचं दुखणं मला माहीत होतं. त्याच्या टाचेखाली काळा डाग आला होता. कंपनीच्या जाड बुटांनी रक्त साकळलं असेल म्हणून त्याने वर्षभर दुर्लक्ष केलं, मग भोवरी समजून पट्ट्या लावल्या. शेवटी तो मेलॅनोमा निघाला, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. टाच कोरून काढली, जांघेतली गाठ काढली आणि मग सलाइनमधून नव्या पद्धतीचं औषध सुरू झालं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्याच्या मुलीने, मयूरीने, वहिनींच्या हातातून फोन घेऊन सांगितलं.

"आत्या, रंग देणाऱ्या पेशी तुझं शरीर स्वतःच मारतं, म्हणून तुला कोड आहे. बाबांचा कॅन्सर त्याच पेशींचा आहे. म्हणजे त्या पेशी ओळखणारं काहीतरी तुझ्या रक्तात आहे ना? तुम्ही सख्खे बहीणभाऊ. मी डॉक्टरांना विचारणार आहे. तू इथे असलेली बरी."

माझ्या कोडाचा कोणाला उपयोग होईल असं त्या दिवसापर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. फोन ठेवला आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

सक्करदरा

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी वर्ध्याच्या पुढे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर सपाट जमीन होती, कापूस काढून झालेली उघडी शेतं आणि मध्येच एखादा पळस, पानं नसलेला, नुसता केशरी. आमच्याकडे नजर कुठेतरी डोंगराला जाऊन टेकते. इथे ती टेकतच नव्हती. उत्साह वाटायला हवा होता, पण मला एकटं वाटलं.

स्टेशनवर मयूरी आली होती. तिने मला मिठी मारली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या तोंडाला मोठी ओढणी गुंडाळली. "ऊन फार आहे आत्या. इथे सगळ्या अशाच फिरतात." खरंच होतं. स्कूटरवरच्या सगळ्या मुली-बायका डोळे तेवढे उघडे ठेवून, हातात कोपरापर्यंत पांढरे मोजे घालून चालल्या होत्या. चिपळुणात मी असं बांधून निघाले असते तर लोक अजून टक लावून बघत राहिले असते. नागपुरात माझ्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही.

दादाचं घर सक्करदऱ्याच्या तलावापासून चालत जाण्याइतकं. खालचा मजला, पुढे दोन कुंड्या आणि खिडकीत बसवायला काढून ठेवलेला कूलर. दादा दारात काठी टेकून उभा होता. मी फाटकातून आत गेले आणि थांबले.

दादा सावळा. लहानपणी आई त्याला काळोबा म्हणायची. त्या सावळ्या तोंडावर दोन्ही डोळ्यांभोवती पांढरे गोल उमटले होते, भुवया पिकल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि हनुवटीवर एक लांबट डाग होता. मयूरीने सांगितलं नव्हतं. मागून तीच हळूच म्हणाली, "औषधानंतर आलंय हे. तुला आल्यावरच दिसू दे म्हटलं."

"ये नंदू," दादा म्हणाला. "आता कोणी म्हणणार नाही आपण बहीणभाऊ दिसत नाही म्हणून."

तो हसला. मी हसू शकले नाही. हे डाग काय करतात ते मला माहीत होतं. डाग नवे असताना माणूस आरशासमोर उभा राहून त्यांच्या कडा बघतो, काल होती तिथेच आहे का पुढे सरकली ते. दादाच्या न्हाणीघरातला आरसा भिंतीवरून काढून ठेवलेला होता.

"डॉक्टर मॅडम तर खूश आहेत," वहिनी चहा देताना म्हणाल्या. "म्हणतात, चांगली खूण आहे, औषध लागू पडून राहिलं. मले तर काही समजत नाही बाप्पा. चेहऱ्याचं असं झालं अन् म्हणे चांगलं." बोलून झाल्यावर त्यांना आपण कोणासमोर बोललो ते लक्षात आलं आणि त्या उठून आत गेल्या.

पुढचे दोन दिवस मी दादाबरोबर घरातच होते. आमच्याकडे सकाळी मऊ भात आणि मेतकूट. इथे पोह्यांवर लाल तर्री ओतून खातात. पहिल्याच घासाला मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि दादा पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. वहिनींनी पाटवडीचा रस्सा केला, त्यात माझ्यासाठी तिखट कमी घातलं होतं, तरीही मी भाकरीबरोबर ताक पीत राहिले. जेवणानंतर दादा पाय उशीवर घेऊन पडायचा. टाचेच्या जागी मांडीची कातडी लावली होती. ती गुळगुळीत होती, पायाची वाटतच नव्हती.

तो संध्याकाळी तलावावर जायचा बंद झाला होता. पूर्वी निवृत्त मंडळींचा एक घोळका तिथे बसायचा, त्यात तो असे. मी उन्हं कलण्याआधीच चल म्हटलं तेव्हा तो आला, पण त्या लोकांपासून बऱ्याच लांबच्या बाकावर बसला.

"काहून आले नाहीत इतके दिवस म्हणून विचारतील," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडी इथली बोली बसली होती, पण माझ्याशी बोलताना तो मधेच घरची भाषा धरायचा. "कॅन्सर सांगितला की लोक हळहळतात गं. डाग बघितले की चहाचा कप बदलतात. मला हळहळ चालते."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"तुला माहीत आहे हे मला आत्ता कळतंय."

त्याने हे सहज म्हटलं आणि पाण्याकडे बघत बसला. त्या दिवशी मी ओढणी घरी विसरले होते. तेवढ्या वेळात मानेवरची पांढरी कातडी उन्हाने इतकी भाजली की घरी आल्यावर फोड आले. वहिनींनी कुंडीतली कोरफड कापून आणली, माझ्या मागे बसल्या आणि तिचा गर मानेला लावू लागल्या. त्यांचं लग्न झाल्यापासून इतक्या वर्षांत त्यांचा हात माझ्या डागांना कधी लागला नव्हता. सुरुवातीला दोन बोटांनीच लावत होत्या, मग पूर्ण तळव्याने लावू लागल्या.

"यायलेही असंच भाजत असंन का?" त्यांनी विचारलं.

"भाजतं," मी म्हटलं. "टोपी घालायला सांगा."

महाल

रविवारी मयूरीला बघायला लोक येणार होते. वहिनींनी ते मला सांगितलं नाही, मयूरीने सांगितलं. वहिनी सकाळपासून दादाच्या चेहऱ्याला कसलीशी क्रीम लावून बघत होत्या. सावळ्या कातडीवर ती राखेसारखी दिसत होती. दादा गप्प बसून लावून घेत होता.

बाप आणि आत्या, एका घरात दोघांना कोड. पाहुण्यांच्या मनात काय येईल ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "वहिनी, मला महाल बघायचाय. आज जाऊन येते. जेवायला नाही मी."

वहिनींनी मान खाली घातली. "उन्हात नका फिरू जास्ती," एवढंच म्हणाल्या.

जुनं नागपूर म्हणजे महाल. अरुंद गल्ल्या, समोरासमोर दुकानं, त्यातून अंगाला घासून जाणाऱ्या गाड्या. लाकडी सज्जे वाकलेले, त्यांखाली मोबाईलची झगझगीत दुकानं. मी कामाशिवाय फिरत होते आणि असं फिरताना शहर दिसत नाही, दुकानांच्या पाट्या तेवढ्या वाचल्या जातात. एका दुकानात मयूरीसाठी ओढणी बघायला थांबले. कापड हाताला कसं लागतं ते बघायला हातातला मोजा काढला. दुकानदार पन्नाशीचा, बोलका माणूस. त्याने माझा हात बघितला आणि गठ्ठे सोडणं थांबवलं.

"काकू, बुरा नका मानू," तो म्हणाला. "माया साळ्याले होतं हे. रामटेककडं एक वैद्य आहे, झाडपाल्याची दवा देते. तुमी एकदा जा."

आजवर मला असे पुष्कळ वैद्य सांगितले गेले आहेत. लोक चांगल्या मनानेच सांगतात. मी पत्ता विचारला, कारण न विचारलं तर त्यांना वाईट वाटतं. मग एकदम मनात आलं की याला सांगावं, हे मला बरं करायचं नाहीय, हे मी माझ्या भावासाठी घेऊन आले आहे. अर्थात सांगितलं नाही. निळी ओढणी घेतली आणि बाहेर पडले.

संध्याकाळी परतले तेव्हा बैठकीच्या खोलीत पाहुण्यांसाठी काढलेल्या बश्या तशाच कोरड्या मांडलेल्या होत्या. कोणी आलंच नव्हतं. मयूरीने आदल्या दिवशी त्या मुलाला फोन करून घरातलं सगळं सांगितलं होतं, वडिलांचं दुखणं, डाग आणि माझंही. सकाळी तिकडून निरोप आला की घरात कोणाची तरी तब्येत बिघडली आहे, पुन्हा कधीतरी बघू.

"सांगायचं काय अडलं होतं वं तुले?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत होत्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "लग्न झाल्यावर दिसलंच असतं त्यायले."

"म्हणूनच सांगितलं," मयूरी म्हणाली.

दादाने तोंड धुऊन क्रीम काढून टाकली होती. तो टीव्हीसमोर बसला होता, आवाज बंद करून.

दवाखाना

मंगळवारी त्याच्या औषधाची पाळी होती. आदल्या आठवड्यात त्याच्या मांडीत एक नवी गाठ हाताला लागली होती. तिचा तुकडा तपासायला पाठवला होता आणि पोटाचा स्कॅनही केला होता. मला हे माहीत होतं, पण मयूरी आणि मी आमच्याच बेतात इतक्या बुडालो होतो की त्या तपासण्यांकडे आम्ही दोघींनी नीट लक्ष दिलं नव्हतं. दवाखान्यात जाताना गाडीत ती मला डॉक्टरांना काय काय विचारायचं ते सांगत होती. मी सकाळी भरपेट खाऊन निघाले होते, रक्त काढताना चक्कर येऊ नये म्हणून.

डॉक्टर मॅडम चाळिशीतल्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी आधी मयूरीचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेऊन उजेडात धरला.

"केव्हापासून?"

मी सांगितलं.

"तुम्ही म्हणता ते चुकीचं नाही," त्या मयूरीला म्हणाल्या. "यांच्या रक्तात अशा टी-पेशी, म्हणजे शरीराच्या रखवालदार पेशी, आहेत ज्या रंगाच्या पेशी ओळखतात आणि मारतात. तुमच्या बाबांच्या रक्तातही आता तशाच आहेत. आपण दिलेलं औषध गाठीला मारत नाही. शरीर या पेशींना एरवी ब्रेक लावून ठेवतं, तो ब्रेक औषध काढतं. ब्रेक निघाला म्हणून डाग आले."

"मग आत्याच्या पेशी अजून घातल्या तर?"

मॅडमनी समोरचा कागद बाजूला सारला.

"असं बघा. पेशी आत जे बनवते त्याचे बारीक तुकडे ती बाहेर दांडीवर वाळत घालते. आपण चाळीत दांडीवरचे कपडे बघून ओळखतो ना, या घरात लहान मूल आहे, या घरात पोलीस आहे. टी-पेशी तेच करते. ती घरात शिरत नाही, बाहेरचे कपडे बघते. रंगाची पेशी रंग बनवायच्या सामानाचे तुकडे बाहेर टाकते. ते दिसले की टी-पेशी तिला मारते. कातडीतली असो की गाठीतली, तिला फरक कळत नाही."

"म्हणून डाग म्हणजे चांगली खूण," मी म्हटलं.

"हो. पण टी-पेशी कपडा एकटा बघत नाही, दांडीसकट बघते. आणि दांडी प्रत्येकाची वेगळी असते. अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून. तुमच्या पेशी तुमच्या दांडीवर वाढल्या. दुसऱ्याच्या घरी त्या एकतर काहीच ओळखत नाहीत किंवा सगळंच परकं समजून मारत सुटतात."

"बहीणभावाची जुळू शकते ना?" मयूरीने विचारलं. तिने तेही वाचलं होतं.

"जुळू शकते. चारात एखाद्या वेळी." मॅडमनी दादाकडे बघितलं. तो काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होता. "पण जुळली तरी उपयोग नाही. तेच मला आज सांगायचंय. बाबांसमोर सांगू का?"

"सांगा," दादा म्हणाला. "माझंच आहे ते."

"मांडीतल्या गाठीचा तुकडा तपासला. तिच्यावर रंगाच्या सामानाच्या खुणाच दिसत नाहीत. दांड्याही बहुतेक गेल्यात. गाठीतल्या पेशी सारख्या बदलत असतात. ज्यांचे कपडे बाहेर दिसत होते त्या तुमच्या टी-पेशींनी मारल्या. ज्यांनी कपडे आत ओढून घेतले त्या उरल्या, आणि आता त्याच वाढतायत. स्कॅनमध्ये यकृतात डाग आहेत."

वहिनींना शेवटचं वाक्य तेवढं कळलं. त्यांनी दादाच्या शर्टाची बाही धरली.

मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. पण शिक्षकाची सवय अशी की न समजलेलं विचारल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "ज्या घराला दांडीच नाही, त्याचाच संशय यायला नको का?"

मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. "येतो. दांडी नसलेल्या घरावर धाव घेणाऱ्या वेगळ्या पेशी असतात शरीरात. पण गाठीत त्या पोचतात कमी, टिकतात कमी. पुरे पडत नाहीत."

"म्हणजे माझ्या पेशी कामावर आहेत," दादा सावकाश म्हणाला, "फक्त जिला मारायचं ती त्यांना दिसत नाही."

"हो."

"अन् जी दिसते तिला मारून राहिल्या. चांगल्या कातडीला."

"हो, काका."

अजून काय करता येईल तेही मॅडमनी सांगितलं. दुसरं एक औषध जोडता येईल, त्याने आतडी सुजू शकतात, यकृत सुजू शकतं, फायदा होईलच असं नाही. मयूरी सगळं विचारत होती. मी माझ्या दंडाकडे बघत होते. सकाळी मी मुद्दाम सैल बाहीचा ब्लाउज घातला होता, सुई टोचायला सोपं जावं म्हणून.

बाहेर आल्यावर मयूरी पायऱ्यांवर खाली बसली. "सॉरी आत्या," ती म्हणाली. "मी तुला उगाच एवढ्या लांब आणलं."

मी तिच्याशेजारी बसले. वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी मला दिली, मी प्यायले, मग तीच बाटली त्या स्वतः तोंड लावून प्यायल्या.

कळमेश्वर

निघण्याच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "मला कंपनी बघायचीय. बाहेरूनच."

तो सगळी नोकरी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होता. मयूरीने सुट्टी घेतली, गाडी काढली. वहिनी आल्या नाहीत. "मले तिकडचा रस्ता नाही पाहायचा," म्हणाल्या. "रोज तिकडून घरी यायचे ते."

शहर सुटल्यावर रस्त्याला संत्र्यांच्या बागा लागल्या. मी फळ्यावर गोल गोल झाडं काढायचे. खरी झाडं धुळीने मळलेली, बुटकी, खाली काट्यांची वाळकी कुंपणं. तोड जवळजवळ संपली होती. काही फळं झाडाखालीच सडत पडली होती आणि गाडीची काच खाली केली की आंबूस गोड वास येत होता. एका बागेपाशी मयूरीने गाडी थांबवून आम्हा दोघांचा फोटो काढला. दादा काय कुठे आहे ते दाखवत होता, इथे बस बंद पडायची, इथे पावसात ओढा चढायचा. मग तो दाखवायचा थांबला.

कारखान्याच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. ती चालवणारी बाई साठीच्या पुढची. दादा रोज तिच्याकडे चहा प्यायचा, निवृत्तीच्या दिवसापर्यंत. आम्ही बाकावर बसलो. बाईने फडक्याने टेबल पुसलं आणि दादाच्या तोंडाकडे पाहून पटकन नजर खाली केली, अनोळखी माणसाच्या डागांवरून लोक नजर काढतात तशी.

"काय पायजे भाऊ?"

दादाने काठी बाकाला टेकवली. मग म्हणाला, "चंद्रकलाबाई, अद्रक जास्त, साखर कमी."

बाईचा हात थांबला. तिने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"शिर्के साहेब? आवाजावरून समजलं मले. अंधारात तरी ओळखलं असतं तुमाले, अन् इथं उजेडात बसून ओळखलं नाही." ती जवळ आली. "हे काय होऊन राहिलं साहेब?"

मयूरी काही बोलायला गेली. दादाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कोड आहे," तो म्हणाला.

चंद्रकलाबाईने सुस्कारा सोडला, सुटका झाल्यासारखा. "कोडच ना. मंग काय होते त्यानं. मले वाटलं काही बिमारी-बिमारी लागली का साहेबाले."

"नाही," दादा म्हणाला. "बाकी बरा आहे मी."

तिने आलं ठेचलं, चहा उकळला, दादाला काचेच्या पेल्यात दिला. मला दिला, मयूरीला दिला. मग समोर बसून कोण कोण वारलं, कोणाचा मुलगा पुण्याला लागला, कंपनीत आता सगळी नवी पोरं कशी आली आहेत ते सांगत राहिली. दादा हसून उत्तरं देत होता. पाळी सुटली, फाटकातून माणसं बाहेर पडली, त्यातल्या एकानेही त्याला ओळखलं नाही. त्यानेही हाक मारली नाही.

परत येताना तो मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसला. बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, "तिला खोटं नाही सांगितलं मी."

"नाही."

"तेवढ्या वेळापुरतं मला नुसतं कोड होतं."

मी त्याचा हात धरला. दोघांच्या हातांवर डाग होते, माझे जुने, कडा स्थिर झालेले, त्याचे नवे, अजून पसरणारे.

परतल्यावर

दुसऱ्या दिवशी दादा स्टेशनवर आला नाही, त्याला ताप होता. वहिनींनी डब्यात पोळ्या आणि कोरडी चटणी बांधून दिली, तिखट कमी घातलेली. निघताना मी वाकले तर त्यांनी मला मधेच धरलं आणि गालाला गाल लावला.

दुसरं औषध दादाने घेतलं. दोन वेळा घेतल्यावर सोसवेना म्हणून थांबवलं. पुढे फोनवर त्याचा आवाज बारीक होत गेला. एकदा त्याने विचारलं, माझे डाग कधी थांबले. मी म्हटलं, चाळिशीनंतर. तो म्हणाला, "माझे चाललेत अजून. दोन्ही हात मनगटापर्यंत झाले. फार इमानदार आहेत गं या पेशी." त्यानंतर तो फोनवर फारसा आला नाही. श्रावणात गेला. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दिवस करून परत आले.

महिन्याभराने वहिनींचा फोन आला.

"ताई, यायचा फोटो लावायचा आहे भिंतीवर. मयूरी म्हणते जुना लाव, त्यात बाबा चांगले दिसतात. मी नाही म्हटलं. शेवटले इतके महिने मी ज्या माणसाचं करत होतो, तो असाच दिसे. मले तोच पायजे समोर. क्रीम लावली होती ना मी त्या दिवशी, ते अजून डोक्यात राहते माया."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मयूरीनं कळमेश्वरच्या रस्त्यावर काढलेला एक आहे, बगिच्यापाशी. त्यात हसून राहिले ते. पण त्यात तुमी पण आहा. गेलेल्या माणसाच्या फोटोत जित्या माणसाले ठेवत नाही, म्हणून फ्रेमवाल्यानं तुमाले कापलं. फक्त तुमचा हात आहे त्यायच्या खांद्यावर, तो काही निघत नाही. काढायले गेलं तर खांदा पण जाते. चालेल का तुमाले?"

माझ्या हातावर जागोजाग पांढरं आहे. आजवर कोणाच्या घरच्या भिंतीवर तो लागला नव्हता.

"राहू दे," मी म्हटलं.